हजाराच्या आतलं ओबीडी डोंगल: घरातली जुनी गाडी लेकीच्या हाती देताना

घरची जुनी वॅगनआर नाहीतर स्विफ्ट कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींकडे गेली की किल्लीबरोबर बाबांच्या सूचनाही जातात, आणि त्या पहिल्या आठवड्यातच विरतात. सूचना कमी करून ब्लूटूथचं एक ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचून फोनवर पाठवणारं छोटं यंत्र, दिलं तर जास्त उपयोग होतो. गाडीचे आकडे फोनवर दिसायला लागले की ही पिढी आपणहून खोलात शिरते. मात्र हे यंत्र काय सांगत नाही, तेही सोबत शिकवावं लागतं.

बसवणं सोपं आहे. स्टीअरिंगखाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात डोंगल खोचायचं. इग्निशन ऑन करून फोनशी जोडायचं (पिन बहुधा १२३४ किंवा ००००) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप उघडायचं. फोन आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफायचं किंवा ब्लूटूथ एलईचं घ्यावं लागतं. भारतात ओबीडी-२ (गाडीने आपले आकडे आणि कोड एकाच ठरलेल्या पद्धतीने द्यायचं मानक) सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीची सँट्रो किंवा एस्टिलो असेल तर डोंगल जुळेलच असं नाही.

रोज पाहण्यासारखे आकडे दोनच. पहिला बॅटरीचा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवं. तेरापेक्षा कमी दिसत राहिलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंवा त्याचा बेल्ट तपासायचा, बॅटरी बदलून उपयोग नाही. स्वस्त डोंगल दोन दशांश इकडेतिकडे दाखवतं, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून घ्या.

दुसरा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमानाचा. एरवी ८५ ते ९५ अंश, सिग्नलला पंखा लागेपर्यंत थोडा वर. सिंहगडाच्या घाटात १०५ च्या वर चढत गेला तर एसी बंद, गाडी बाजूला, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही. इथे एक मेख आहे. कूलंट पूर्ण गळून गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि आकडा साळसूदपणे कमीच राहतो. म्हणून गार इंजिनावर बाटलीतली पातळी डोळ्यांनी पाहणं आलंच. भरायला तयार कूलंट घ्या, सोसायटीच्या बोअरचं पाणी नको. त्याने आत क्षार साचतात.

या यंत्राची खरी किंमत वसूल होते ती चेक इंजिनचा दिवा लागल्यावर. समजा कोड आला पी०३०१. पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. आधी स्क्रीनशॉट काढायचा, कारण कोड पुसला की त्या क्षणाची नोंदही जाते. मग, प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असलेलं इंजिन असेल तर, ते गार झाल्यावर आणि इग्निशन बंद करून पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदलायची. कोड पुसून थोडं चालवायचं. आता पी०३०२ आला तर कॉइलच गेली आहे. तसाच पी०३०१ राहिला तर प्लग अदलाबदल करून पाहायचा, त्यानंतर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर संशय. एवढं घरी झालं की पुण्यातल्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून एकच कॉइल आणायची. गॅरेजवाल्याने तिन्ही-चारही बदलायला सांगितलं तर ‘का?’ विचारायची हिंमत येते. हे शिक्षण आमच्या मते डोंगलच्या किमतीपेक्षा फार मोठं. पण दिवा लुकलुकत असेल तर हे प्रयोग नकोत. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, गाडी थांबवायची.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. इंजिन ऑइलची पातळी, ब्रेक पॅडची जाडी, टायरची हवा यातलं काहीच इथे कळत नाही. एबीएस आणि एअरबॅगचे कोडही स्वस्त डोंगल सहसा वाचत नाही. ऑइलसाठी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवायची. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. हवा गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढी.

मोठा दोष म्हणजे सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो. डोंगल ४०-५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास जातो. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. दिवाळीच्या सुट्टीत गाडी पार्किंगमध्ये आणि मालकीण गावाला, की परत आल्यावर धक्का स्टार्ट. काम झालं की काढून ठेवायचं.

खरेदीत आणखी एक गंमत. बाजारातली बहुतेक डोंगल ईएलएम३२७ या गाडीशी बोलणाऱ्या मूळ चिपच्या नकला आहेत. ‘व्हर्जन १.५’ मूळ कंपनीने कधी काढलंच नाही, तरी तसं छापलेली अनेकदा नीट चालतात, आणि ‘२.१’ म्हणून विकलेल्या स्वस्त नकलांमध्ये काही कमांड गायब असतात. डब्यावरच्या आकड्याकडे बघू नका. परत करण्याची मुदत संपायच्या आत आपल्याच गाडीवर लावून कूलंटचा आकडा हलतो का आणि कोड वाचले जातात का, एवढं पाहून ठेवा किंवा परत पाठवा.