बोअरचं जड पाणी: शॉवर फिल्टर की मिठाचा सॉफ्टनर?
बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल जाते, साबणाला फेसच येत नाही, मग लोक आधी शॉवर फिल्टर घेतात कारण स्वस्त आणि लावायला सोपा, पण खरं सांगते, त्याने क्लोरीन नि गाळ कमी होतो, हार्डनेस (म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, ज्याने थर बसतो) जवळपास तसाच राहतो. सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक प्लास्टिकसारखे मणी) मात्र कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणून थर धरत नाही. महाग आहे, मीठ टाकत राहावं लागतं, रेझिन धुवायला पाणीही जातं. या सोडियममुळे घरात बीपीवाले असतील तर प्यायचा नळ वेगळाच ठेवा (टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, सॉफ्टनरनेही कमी होत नाहीत हां). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत. आधी टेस्ट करा, आकडा 600 च्या आसपास आला तर सरळ सॉफ्टनरच घ्या.