टेलर स्विफ्टची तबकडी आणि लेकीशी लागलेली पैज

लेकीच्या हट्टापायी अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची '1989 (टेलर्स व्हर्जन)' ही दुहेरी तबकडी घरात आली. 21 गाणी, चार बाजू. दर पाच-सहा गाण्यांनी उठून तबकडी उलटायची, हे माझ्या गुडघ्यांना अजिबात मान्य नाही. पण गाणं पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे सगळं नीट ऐकलं जातं.

मूळ अल्बम 2014चा. 2019मध्ये त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क तिच्या मनाविरुद्ध विकले गेले, म्हणून नव्या मुद्रणांचे हक्क तरी स्वतःकडे राहावेत यासाठी बाईंनी जुने अल्बम पुन्हा गायला घेतले. हा 2023मध्ये आला. आवाज आता पिकलाय, शब्द स्वच्छ ऐकू येतात. विशीतला तो उतावळेपणा मात्र गेला, आणि मला तोच आवडायचा. आधी न छापलेली पाच गाणी शेवटी जोडली आहेत. त्यांतलं एकवीसावं तेवढं जोरदार, बाकीची भरताड.

आमची पैज अशी: आजच्या गायकांपैकी चाळीस वर्षांनी कोणाची गाणी उरतील? लेक म्हणते, तरुण गायिका बिली आयलिश उरेल. भावाबरोबर घरच्या बेडरूममध्ये अल्बम केला आणि अठराव्या वर्षी ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार नेले, हे खरंच. पण तिची ती कुजबुज वाद्यांशिवाय गाऊन बघा! टेलरची गाणी भेंड्यांत चालतील. रॅपर ड्रेकचे तर गाणी किती वेळा ऐकली गेली त्याचे आकडे तेवढे उरतील.

मग ही तबकडी घ्यायची का? चांगला प्लेअर आणि स्पीकर असतील तर जरूर. सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर पैसे वाया जातील; त्यापेक्षा मोबाइलवर ऐका.