पहिल्यांदाच लिनक्स टाकताय? मिंट की डेबियन

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, म्हणजे प्रोसेसर जुना नाहीतर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, असे बरेच जण आता विंडोजऐवजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतायत. पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं टाकू? लिनक्सची रूपं अनेक, नावं ढीगभर ऐकायला मिळतात पण नवशिक्याने माझ्या मते दोनच बघावीत, लिनक्स मिंट आणि डेबियन. फेडोरा हे आणखी एक लिनक्स, तेही वाईट नाही, पण एकेका व्हर्जनला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी अख्खी सिस्टिम अपग्रेड करणं आलंच. लॅपटॉप अगदी नवा कोरा असेल तर फेडोराचा विचार करा, एरवी सुरुवातीलाच ती कटकट कशाला.

इन्स्टॉल कुठलं सोपं एवढ्यावरून ठरवू नका. ते एकदाच करायचं असतं, सांभाळायचं मात्र चार-पाच वर्षं असतं.

तरी इन्स्टॉलचं सांगतो. मिंटचा पेनड्राइव्ह लावून बूट केलं की थेट डेस्कटॉप येतो, तिथेच वायफाय, आवाज, टचपॅड सगळं चालवून बघायचं आणि मगच इन्स्टॉलवर क्लिक करायचं. डेबियनचीही अशी आधी चालवून बघायची लाइव्ह आवृत्ती आहे पण बरेच जण नेटइन्स्टची, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी फाइल घेतात, आणि ती एकामागून एक प्रश्न विचारत बसते. त्यातला रूट पासवर्डचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य ॲडमिनच्या पासवर्डचा प्रश्न नीट वाचा. तिथे पासवर्ड दिलात तर तुमच्या युजरला सुडो, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवायची सोय मिळत नाही, मग नेटवर बघून सुडोची कुठलीही कमांड टाका, तुम्ही सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोची परवानगी असलेल्यांच्या यादीत नाही म्हणून हाकलून देणार. दोन्ही रकाने रिकामे सोडून पुढे गेलात की सुडो आपोआप मिळतं. हे तिथे स्क्रीनवरच लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण! वायफायच्या फर्मवेअरची, म्हणजे त्या चिपला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची जुनी रड मात्र २०२३ च्या डेबियन १२ पासून बरीच कमी झालीय, ते आता इन्स्टॉलरमध्येच येतं. जुनी ब्रॉडकॉम चिप असेल तर दोन्हीकडे अडू शकतं, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या, आणि ड्रायव्हर उतरवून घ्या.

आता सांभाळणं. मिंटमध्ये खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह असतं, त्यावर ठिपका दिसला की क्लिक करून अपडेट घ्यायचे, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायची गरज नाही. टाइमशिफ्ट हे सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या प्रती ठेवणारं टूल पहिल्याच दिवशी चालू करा, उद्या एखाद्या अपडेटनंतर काही बिघडलं तर आदल्या दिवशीच्या स्नॅपशॉटवर परत जाता येतं. फक्त त्यात तुमचे फोटो, डॉक्युमेंट येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर उघडून निवडायचं, झालं. डेबियनमध्ये त्यासाठी आधी सोर्सेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत, नॉन-फ्री हा विभाग जोडा, मग पॅकेज टाका, मग रीबूट.

पण डेबियनची खरी मजा म्हणजे ते शांत असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं १३ घ्या, त्यातलं सॉफ्टवेअर पुढचं व्हर्जन येईपर्यंत जवळपास तिथेच थांबतं, मुख्यतः सिक्युरिटीचे पॅच आणि दुरुस्त्या येतात. अधूनमधून टर्मिनलमध्ये सुडो आप्ट अपडेट (sudo apt update), मग सुडो आप्ट अपग्रेड (sudo apt upgrade), बस. काहींना हे शिळं वाटतं, मला आवडतं. आणि कमांड स्वतः टाकाव्या लागल्यामुळे आत काय चाललंय ते कळायला लागतं, जे मिंटच्या बटणांमागे झाकलेलं राहतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, डेबियन १३ ला एलटीएस, म्हणजे लांबवलेला सपोर्ट, धरून २०३० पर्यंत, त्यामुळे त्यात फार फरक नाही.

म्हणून घरातला एकुलता एक लॅपटॉप असेल, त्यावर आईबाबाही बसत असतील तर मिंटच. रॅम चारच जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. जुना जास्तीचा लॅपटॉप पडून असेल आणि खरंच शिकायचं असेल तर डेबियन. मराठी टायपिंग दोन्हीकडे होतं, इन्स्क्रिप्टही आणि फोनेटिकही. पण टॅली किंवा श्रीलिपीवर पोट असेल तर विंडोज उडवू नका, ड्युअल बूट करा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून सुरू करताना एक निवडा, आणि विंडोजचं डिस्क लॉक करणारं बिटलॉकर चालू असेल तर पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावायच्या आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.