सीआरची प्लेट: पावडर की नीडल?

डीआर (डिटेक्टरवरून इमेज थेट संगणकावर देणारी डिजिटल रेडिओग्राफी) परवडत नाही अशा एक्स-रे सेंटरमध्ये सीआरच (कम्प्युटेड रेडिओग्राफी) चालतं. यात एक्स-रेची छाप कॅसेटमधल्या फॉस्फर प्लेटवर साठते आणि रीडर ती लेझरने प्रकाशाच्या रूपात वाचून घेतो, म्हणून इमेज प्लेटवर ठरते. तरी खरेदीच्या वेळी सगळी चौकशी रीडरचीच होते.

नेहमीची पावडर प्लेट म्हणजे युरोपियम मिसळलेल्या बेरियम फ्लोरोहॅलाइडचे दाणे, बाइंडरमध्ये बसवलेले. रीडरचा लाल लेझर या दाण्यांवर आपटून फाकतो आणि कडा पुसट होतात. थर जाड केला तर एक्स-रे जास्त शोषले जातात, पण धूसरपणा वाढतो. नीडल प्लेटमध्ये सिझियम ब्रोमाइडचे सुईसारखे स्फटिक उभे वाढवलेले असतात. प्रकाश सुईच्या अंगानेच वर येतो, म्हणून जाड थरातही धार टिकते.

प्रौढाच्या मनगटाच्या एक्स-रेत हा फरक शोधावा लागेल. नवजात बाळाच्या छातीत मात्र तो लगेच कळतो: कमी डोसला पावडर प्लेट दाणेदार दिसते, नीडल स्वच्छ. पण नीडल घेऊन जुनाच एमएएस (एक्स-रेची मात्रा ठरवणारी सेटिंग) चालू ठेवला, म्हणजे डोस कमी केलाच नाही, तर पैसे पाण्यात. ब्राइटनेस सॉफ्टवेअर जुळवून घेतं, त्यामुळे जादा डोस डोळ्यांना कळत नाही. डेव्हिएशन इंडेक्स (प्लेटवरचं एक्स्पोजर लक्ष्यापेक्षा किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा) बघा. +३ म्हणजे ठरलेल्या लक्ष्याच्या दुप्पट.

ब्रोशरमधल्या '१०० मायक्रॉन'ला भुलू नका. तो रीडरच्या सॅम्पलिंगचा, म्हणजे किती अंतराने एकेक ठिपका वाचला जातो त्याचा आकडा. त्यातून मिलिमीटरला ५ लाइन-पेअर (काळ्या-पांढऱ्या रेघांच्या जोड्या) ही कमाल मर्यादा निघते, प्लेट तिथवर पोचेलच असं नाही.

पांढरा ठिपका एकाच कॅसेटवर येत असेल तर प्लेटवर धूळ किंवा ओरखडा आहे. सगळ्या कॅसेटवर एकाच जागी उभी पांढरी रेघ आली तर रीडरच्या लाइट गाइडवर (प्लेटचा प्रकाश गोळा करणाऱ्या भागावर) कचरा. प्लेट पुसून उपयोग नाही. प्लेट पुसायची ती धागे न सुटणाऱ्या कापडाने, कंपनीने सांगितलेल्या द्रावणानेच. सिझियम ब्रोमाइड ओल धरतं, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात नीडल प्लेटचं आवरण टवकलेलं चालत नाही.

एक्स्पोजरनंतर प्लेट लगेच वाचा. ८ तासांत सुमारे पाव सिग्नल विरतो. दिवसभर पडून राहिलेली प्लेट वापरण्याआधी इरेज (कोरी) करा, नाहीतर नैसर्गिक किरणोत्साराने धुरकटपणा येतो.

आमचा कौल: लहान मुलांचे एक्स-रे रोज होत असतील तर नीडल, फक्त हाडांचं काम असेल तर चांगली पावडर पुरे. साध्या पावडर रीडरमध्ये नीडल प्लेट चालत नाही. आग्फाच्या डीएक्स-एमसारखा रीडर दोन्ही वाचतो, म्हणून कोटेशन मागवताना रीडरचं मॉडेल आधी कळवा.