घरच्या सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर : अकोल्यातील चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेल आणि ३ किलोवॅटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलून थेट वीज कंपनीच्या लाइनशी जोडणारा, बॅटरीविना) बसवून चौदा महिने झाले. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले. खरेदीपूर्वी मी पॅनेलची जेवढी चौकशी केली, त्याच्या निम्मीही इन्व्हर्टरची केली नाही, आणि पुढे जो त्रास झाला तो सगळा इन्व्हर्टरच्याच बाजूने झाला.

पहिला उन्हाळा सुरळीत गेला. नोव्हेंबर लागला आणि स्वच्छ उन्हातही दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टर वारंवार बंद पडू लागला. मोबाइलवरील नोंदींत प्रत्येक वेळी ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ असे कारण दिसे. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरला जातो आणि त्याच्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर दाब गेला की इन्व्हर्टरने स्वतःला लाइनपासून तोडून घेणे अपेक्षित असते. उन्हाळ्यात गल्लीतील कूलरच्या भाराने दाब उतरलेला असे. हिवाळ्यात दुपारी भार कमी, दाब मुळातच २५० च्या आसपास आणि त्यावर आमची वीज बाहेर ढकलली जाणार. उलट दिशेने वीज ढकलायची म्हणजे इन्व्हर्टरला आपल्या टोकाशी दाब लाइनपेक्षा थोडा अधिक ठेवावाच लागतो, आणि मधली वायर जितकी बारीक व लांब, तितका तो अधिक.

आमच्याकडे इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर असून तेथे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली होती. पूर्ण भाराला, सुमारे साडेबारा अँपिअरला, एवढ्या वायरीतच साडेतीन व्होल्टच्या आसपास फरक पडतो. ती बदलून १० चौरस मिलिमीटरची टाकल्यावर हा फरक दीड व्होल्टवर आला. दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु बंद पडण्याचे प्रकार तेवढ्यानेच निम्म्याहून कमी झाले. उरलेले, लेखी अर्जानंतर वीज कंपनीने ट्रान्सफॉर्मरची टॅप (त्यातून बाहेर पडणारा दाब कमी-जास्त करणारी जोडणी) बदलली तेव्हा थांबले. करार करण्यापूर्वी एखाद्या हिवाळी दुपारी स्वतःच्या मीटरपाशी दाब मोजून घेतला असता, तर ही वायर पहिल्याच दिवशी जाड पडली असती.

जागेची चूक मात्र माझीच होती. जिन्याच्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर इन्व्हर्टर लावू दिला आणि पुढच्या मे महिन्यात दुपारी तो तापून स्वतःहून उत्पादन कमी करू लागला. पूर्वेच्या भिंतीवर, वर पत्र्याची सावली करून, चहूबाजूंनी हवा खेळेल असा हलवल्यानंतर ती तक्रार राहिली नाही.

सायंकाळी पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर येते, म्हणून दोन एमपीपीटीचा (पॅनेलच्या ओळीतून जास्तीत जास्त वीज काढणारे दोन भाग असलेला, म्हणजे सावलीची ओळ वेगळी चालवता येणारा) इन्व्हर्टर सुचवला गेला होता. परंतु अवघ्या दोन पॅनेलच्या ओळीतून मिळणारे सुमारे ८० व्होल्ट त्या इन्व्हर्टरच्या सुरू होण्याच्या दाबापेक्षा कमी होते. त्यामुळे सहाही पॅनेल एकाच ओळीत ठेवली.

आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटले की बॅटरीची पेटी डोळ्यांसमोर येते, म्हणून हे स्पष्ट लिहितो : लाइन गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही, भर उन्हात असला तरी, बंद होतो, कारण बंद लाइनमध्ये आपली वीज शिरली, तर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न असतो. पंखे-दिव्यांसाठी जुना बॅटरी इन्व्हर्टर आम्ही वेगळा ठेवला आहे. आमच्याकडे वीज फार वेळ जात नाही, म्हणून हायब्रिडचा (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही जोडता येणारा, लाइन गेली तरी चालणारा इन्व्हर्टर) जादा खर्च टाळला; घरी ऑक्सिजनचे यंत्र चालवावे लागणारा रुग्ण असता, तर मी हायब्रिडच घेतला असता.