फ्यू थांबले, मॉन्सन गेले, लॉइडनी वाट पाहिली

माझा भाचा अमेरिकेत एका छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा असिस्टंट कोच आहे. सहा वर्षं रात्र रात्र जागून त्याने सामन्यांच्या क्लिपा कापल्या, पोरं हेरायला गावोगाव गाडी चालवली. आता दुसऱ्या एका विद्यापीठाने हेड कोचपदासाठी त्याला विचारलंय. "मामा, जाऊ की थांबू?" असं तो फोनवर विचारतो. मी कधी शाळेच्या संघातसुद्धा नव्हतो, नुसता प्रेक्षक. पण या प्रश्नावर त्याला एक दिवस दाखवता येतो.

तो दिवस २१ मार्च २०२४, गाव सॉल्ट लेक सिटी. एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेज संघांच्या देशव्यापी स्पर्धेच्या पहिल्या फेरीचे सामने एकाच स्टेडियमवर होते. दुपारी ॲरिझोनाने लाँग बीच स्टेटला ८५–६५ असं हरवलं, आणि त्याच दिवशी गोन्झागाने मॅकनीझला ८६–६५ असं. ॲरिझोनाचे कोच टॉमी लॉइड, लाँग बीचचे डॅन मॉन्सन, गोन्झागाचे मार्क फ्यू. तिघांच्याही वाटा गोन्झागातूनच गेलेल्या. स्पोकेन शहरातलं हे एक छोटं जेझुइट विद्यापीठ. १९९९ पर्यंत त्याचं नाव नीट कसं उच्चारायचं हेही बाहेरच्यांना माहीत नव्हतं.

त्या वर्षी मॉन्सन तिथले हेड कोच होते आणि फ्यू त्यांचे असिस्टंट. मार्चमध्ये याच स्पर्धेत गोन्झागाची पहिलीच गाठ मिनेसोटा विद्यापीठाशी पडली. सामन्याच्या आदल्या दिवशी सेंट पॉलच्या वर्तमानपत्राने बातमी फोडली की ऑफिसातल्या एका बाईंनी मिनेसोटाच्या खेळाडूंना अभ्यासाचे शेकडो निबंध लिहून दिले होते. चार खेळाडू बाहेर बसले, गोन्झागा जिंकलं आणि पुढे थेट शेवटच्या आठांत पोहोचलं. मग उन्हाळ्यात मिनेसोटाने कोच म्हणून बोलावलं ते मॉन्सननाच. ज्यांना हरवलं, त्यांच्याच खुर्चीत ते जाऊन बसले.

कागदावर हा निर्णय चूक नव्हता. मोठी लीग, मोठं स्टेडियम, मोठा पगार. आपल्याकडे मामलेदाराला कलेक्टर केलं तर कोण नाही म्हणेल? पण घर आधीच जळालेलं होतं. चौकशीनंतर शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या, संघाच्या आधीच्या यशाच्या नोंदी पुसल्या गेल्या, आणि पाप दुसऱ्याचं असूनही निस्तरायचं मॉन्सनना होतं. २००६ च्या नोव्हेंबरपर्यंतच्या काळात मुख्य स्पर्धेत ते फक्त एकदा पोहोचले, २००५ साली. मग पद सुटलं.

फ्यू १९८९ च्या सुमारास गोन्झागात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून आले होते. मॉन्सन गेल्यावर खुर्ची त्यांना मिळाली, आणि ते अजून तिथेच आहेत. बोलावणी आली नाहीत असं थोडंच आहे! पण दरवर्षी स्पर्धा, सातशेच्या वर विजय, २०१७ आणि २०२१ च्या फायनल. दोन्ही हरले, त्यातली दुसरी तर एकही सामना न गमावता तिथवर येऊन. सहा हजार खुर्च्यांचं स्टेडियम २००४ मध्ये उभं राहिलं ते या यशाच्या जोरावर.

म्हणून "थांबावं, फ्यूंसारखं" असं म्हणायचा मोह होतो. मला तो हिशोब अर्धाच वाटतो. फ्यू थांबू शकले कारण मॉन्सन गेले आणि जाताना भरलेलं घर ठेवून गेले. खुर्चीच रिकामी झाली नसती तर?

याचं उत्तर लॉइड यांच्याकडे आहे. त्यांनी फ्यूंच्या हाताखाली वीस वर्षं काढली. परदेशातून खेळाडू आणणं ही त्यांची खासियत. फ्यूंनंतर खुर्ची लॉइडचीच हे ठरलेलंही होतं. पण फ्यू हलेनात, आणि २०२१ मध्ये ॲरिझोनाचं बोलावणं आलं. तिथेही आधीच्या कोचच्या काळातली चौकशी डोक्यावर टांगलेली, म्हणजे वरवर पाहता मिनेसोटाचाच प्रकार. फरक इतकाच की मॅथुरिन, कोलोको यांच्यासारखे खेळाडू तिथे टिकले होते. पहिल्याच हंगामात ३३ विजय, ४ पराभव.

तिघांत मला लॉइडचा रस्ता भाच्याला सर्वात जवळचा वाटतो, पण तो सर्वात लांबचाही आहे. वीस वर्षं दुय्यम राहणं सगळ्यांना जमत नाही. बायको-मुलं असतील तर आणखीच अवघड, कारण पोरं हेरायचे दौरे असिस्टंटच्याच वाट्याला जास्त येतात.

शिवाय खुद्द धंदाच पालटलाय. २०२१ पासून खेळाडू वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलू शकतात. जुलै २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. व्हर्जिनियाला २०१९ चं विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, निघून गेले, कारण हा नवा कारभार आपल्याला जमणार नाही असं त्यांना वाटलं. मॅथुरिन-कोलोको टिकले, पण आजची पोरं टिकतील याची हमी कोणी देत नाही.

मॉन्सनची गोष्ट मात्र मिनेसोटावर संपत नाही. लाँग बीच स्टेटमध्ये ते सतरा हंगाम राहिले आणि तिथले सर्वाधिक विजय त्यांच्या नावावर आहेत. मार्च २०२४ मध्ये त्यांना सांगण्यात आलं की हंगाम संपला की तुमची गरज नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या संघाने बिग वेस्ट या आपल्या लीगची स्पर्धा जिंकून एनसीएएत जागा मिळवली, म्हणून काढून टाकलेले कोच सॉल्ट लेक सिटीत हजर होते. हरल्यावर महिनाभरात ईस्टर्न वॉशिंग्टनने त्यांना घेतलं. हे विद्यापीठ चेनी गावात आहे, स्पोकेनपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत.

भाच्याची मुलाखत मंगळवारी आहे. त्याला म्हटलं, पगार शेवटी विचार. आधी विचार की जुना कोच कशामुळे गेला, त्याच्यामागून किती खेळाडू गेले, खेळाडूंसाठी पैसे किती आणि ते कोणाच्या हातात. चौथा प्रश्न तो स्वतःच म्हणाला: "काढलं तर उरलेल्या कराराचे पैसे मिळतात का?" पोरगं शिकतंय.