केसांसाठी इस्ट्रोजेन: १४ महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो: केस वाचले. पण ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळेच वाचले असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. छातीचं म्हणाल, तर तिथे जे झालं ते मात्र नक्की इस्ट्रोजेनमुळेच झालं.

माझं वय ३१. कपाळाचे कोपरे पंचविशीच्या आतच मागे सरकायला लागले, मग भोवऱ्यापाशी टाळू दिसू लागली. दोन वर्षं टाळूवर मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध लावलं आणि कंटाळून सोडलं. त्याच्या आत आणखी एक जुनं दुखणं होतं. आरशातला चेहरा दर वर्षी थोडा अधिक राकट होत चाललाय, हे मला सहन होत नव्हतं. ‘केस गळताहेत’ हे कुणालाही सांगता येतं. बाकीचं सांगायला शब्दच नव्हते. डॉक्टरांकडेही मी केस घेऊनच गेलो. खरं कारण बाहेर यायला तीन भेटी लागल्या.

टक्कल पडण्यामागचं गणित थोडक्यात असं. वयात येण्याआधी वृषणं निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांतल्या आनुवंशिक कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडू लागतं, हे संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं. शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे त्याचंच अधिक प्रखर रूप होतं, आणि ज्यांची केसांची मुळं त्याला हळवी असतात त्यांची मुळं केस वाढण्या-गळण्याच्या दर फेरीत बारीक होत जातात. फिनास्टेराइड ही गोळी हे रूपांतर रोखते, रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरवते. इस्ट्रोजेनचा मार्ग वेगळा. मेंदूतल्या पीयूष ग्रंथीला वाटतं, हार्मोन पुरेसं आहे, मग ती वृषणांना हुकूम देणं कमी करते आणि टेस्टोस्टेरॉन उतरतं. इथेच ग्यानबाची मेख आहे: मात्रा कमी ठेवली तर टेस्टोस्टेरॉनही थोडंच उतरतं. म्हणजे ‘अगदी कमी घेतो, फक्त केसांपुरतं’ ही माझी मूळ कल्पना पायापासूनच चुकीची होती. कमी मात्रेला सगळ्यात कमी दाद देतात ते केसच.

मला इस्ट्राडायॉलचा (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) त्वचेवर चिकटवायचा पॅच मिळाला, रोज २५ मायक्रोग्रॅम सोडणारा, आठवड्यातून दोनदा बदलायचा. सोबत १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड. गोळीऐवजी पॅच का, तर गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवते. त्वचेतून घेतल्यास तो बराच कमी असतो. घरात कुणाला गुठळी झाली होती का, धूम्रपान, अर्धशिशी, सगळं विचारून झालं. तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन ५४० वरून ४७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आलं होतं. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग ५० चा पॅच. आता ते २९० च्या आसपास रेंगाळतंय. पूर्ण उपचार घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांमध्ये ते ५० च्या खाली ठेवतात, यावरून मी कुठे उभा आहे ते कळेल: ना अलीकडे, ना पलीकडे.

पॅच तळपोटाच्या त्वचेवर, बाजू बदलत लावतो. घामाने कडा सुटतात, खाली चौकोनी लाल डाग राहतो, आणि चिकटलेला गोंद तेलाशिवाय निघत नाही. अडचण एवढीच.

छातीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्याबद्दल लोक स्वतःची समजूत घालतात. मीही घातली होती. दहाव्या आठवड्यात डाव्या स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ लागली. दाराच्या कडेला नुसता धक्का लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. उजवीकडे महिन्याभराने. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ही स्तनाची सुरुवात आहे, अपेक्षितच आहे. केसांत ढिम्म फरक नव्हता तेव्हा हे झालं, हे लक्षात घ्या. आणि हे परत जात नाही. औषध बंद केलं की त्वचा, चरबी, कामेच्छा पुष्कळशी पूर्वपदावर येतात. वाढलेली ग्रंथी तशीच राहते, नको असेल तर शस्त्रक्रिया. रॅलोक्सिफेन (स्तनांवरचा इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारं औषध) घेऊन ही वाढ थांबवता येईल का, असं मी विचारलं होतं. ‘एका औषधाचा परिणाम अडवायला गुठळीचा धोका वाढवणारं दुसरं औषध?’ असा उलट प्रश्न आला. विषय संपला.

बाकी: त्वचा कोरडी आणि मऊ झाली, चेहऱ्याचा तेलकटपणा गेला, घामाचा वास बदलला. सकाळचं ताठरणं दुसऱ्या महिन्यातच कमी झालं. दाढी जशीच्या तशी. आवाजही तसाच, तो यामुळे बदलतच नाही. चेहरा किंचित भरलाय. लोक विचारतात, ‘झोप चांगली होतेय वाटतं?’

आता केस. पहिले तीन-चार महिने उलट जास्त गळाले, आणि मी न्हाणीघराच्या जाळीवरचे केस मोजत बसायचो, जो शुद्ध वेडेपणा होता. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे सहा महिन्यांआधीच्या कुणाच्याही अनुभवाला अर्थ नाही. ओल्या केसांचे, एकाच दिव्याखाली, एकाच कोनातून फोटो काढत गेलो. भोवरा नवव्या महिन्यापासून दाट दिसतोय. कोपरे होते तिथेच थांबलेत, पुढे आलेले नाहीत. यातलं बरंचसं श्रेय फिनास्टेराइडचं असणार. दोन्ही एकदम सुरू केल्याने वेगळं करता येत नाही, ती चूक माझीच.

बायोटिन या जीवनसत्त्वाचा एक किस्सा. केसांसाठी म्हणून मी त्याच्या गोळ्या खात होतो आणि एका रिपोर्टात इस्ट्राडायॉल भलतंच चढलेलं दिसलं. बायोटिन अशा अनेक रक्ततपासण्यांत घोळ घालतं. गोळ्या बंद करून पुन्हा रक्त दिलं, आकडा जागेवर आला. मधले दहा दिवस मात्र पोटात गोळा घेऊन काढले.

उपचार सुरू करण्यापूर्वीच वीर्य गोठवून ठेवलं. तेव्हा मला हा अतिरेक वाटला होता. आता नाही वाटत. कमी मात्रेतही शुक्राणू किती उरतील आणि बंद केल्यावर कितपत परततील याची हमी कुणी देत नाही. आणि म्हणून हे गर्भनिरोधक आहे असंही नाही, हे जोडीदाराला स्पष्ट सांगावं लागलं. हाडांचाही प्रश्न असतो: टेस्टोस्टेरॉन दाबलं आणि इस्ट्रोजेन पुरेसं नसलं तर हाडं ठिसूळ होतात. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून स्वतःच टेस्टोस्टेरॉनरोधक जोडू नका. अशाच एका रोधकावर, सायप्रोटेरोनवर, मेंदूच्या आवरणातल्या गाठींमुळे युरोपात २०२० मध्ये निर्बंध आलेत.

मराठीत तर क्रियापदच आधी विचारतं, तू कोण? मी अजून ‘गेलो’, ‘आलो’ असंच लिहितो. मनात कधीकधी ‘आले’ येतं आणि मी ते पुसत नाही.

पुढच्या भेटीत मात्रा वाढवायची, तशीच ठेवायची की थांबायचं, हे ठरवायचंय. गेल्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘उद्या केस गेले तरी पॅच चालू ठेवाल?’ मी हो म्हणालो. विचार करायला वेळ लागला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.